मुलगा रडत नाही, मुलगी ‘नाही’ म्हणत नाही

अंगणात खेळताना मुलीचा गुडघा फुटला तर तिला कुशीत घेतले जाते. मुलाचा फुटला तर त्याला ऐकावे लागते, “मुलीसारखा रडतोस काय?” पाहुणे आले की पाण्याचा तांब्या कोणी न्यायचा, जेवणानंतर ताटे कोणी उचलायची, हेही कोणी मुद्दाम शिकवत नाही. मुले बघतात आणि शिकतात. शाळेत नाव घालण्यापूर्वीच हा धडा तोंडपाठ झालेला असतो!

‘हा निसर्गाचाच नियम आहे’ असे काही जण म्हणतील. शरीराचा भेद निसर्गाचा खरा. पण कणीक कोणी मळायची हे निसर्गाने ठरवलेले नाही. तसे असते तर लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करणारे आचारी बहुधा पुरुष कसे असते? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांपासून पुढच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के घरकाम करताना आढळल्या, तर पुरुषांपैकी २६.१ टक्के. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषाचा ९७ मिनिटे.

प्रश्न केवळ श्रमांच्या वाटणीचा असता तर तो हिशेबाने सुटला असता. मला काळजी वाटते ती मनाची. पूर्वी मानसशास्त्रात पुरुषीपणा आणि बायकीपणा ही एकाच पट्टीची दोन टोके मानली जात. एक वाढले की दुसरे घटणारच! १९७४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी साठ गुणांची एक चाचणी मांडली. त्यात ‘पुरुषी’ समजले जाणारे वीस, ‘स्त्रैण’ समजले जाणारे वीस आणि उरलेले वीस दोहोंत न मोडणारे गुण होते. खंबीरपणा आणि हळवेपणा एकाच माणसात नांदू शकतात आणि असा माणूस प्रसंगाला अधिक चांगला सामोरा जातो, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या अनेक अभ्यासांत मात्र आत्मसन्मानाचे नाते मुख्यतः ‘पुरुषी’ गुणांशी, म्हणजे स्वतंत्र बाणा, ठामपणा यांच्याशी दिसले.

याचा अर्थ बायकांनी पुरुष व्हावे असा मी घेत नाही. मला एवढेच दिसते की, मनाला बळ देणारे जे गुण आहेत, तेच आपण मुलींच्या वाट्याला येऊ देत नाही. ‘सोसावं बाईच्या जातीनं’ हे ऐकत वाढलेल्या मुलीला ‘मला हे नको’ म्हणणे साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दीडपट आहे.

मग मुलगे सुखी आहेत का? तेही नाहीत. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १,१८,९७९ पुरुष होते. कर्ज, आजारपण, बेकारी अशी कारणे अनेक असतात, हे मान्य. पण संकट आले तर ते कोणाजवळ तरी बोलावे लागते, आणि नेमके तेच मुलग्याला शिकवलेले नसते. रडणे बंद केले की सांगणेही बंद होते.

‘बालभारती’ने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघेही भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. पाऊल लहान, पण योग्य दिशेचे. मात्र पुस्तकातले बाबा भाजी निवडतात आणि घरातले बाबा पेपरातून मान वर काढत नाहीत, हे मुलाच्या नजरेतून सुटत नाही. चित्रापेक्षा ते आपल्यावरच अधिक विश्वास ठेवते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. मुलाला वरण-भाताचा कुकर लावता यावा आणि ‘मला भीती वाटते’ असे म्हणता यावे. मुलीला बँकेचे व्यवहार कळावेत आणि न पटलेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणता यावे. एवढे शिकवायला शाळा लागत नाही, फीही लागत नाही. आईबाप पुरतात.