विश्लेषण : दुर्मीळ ‘कोलॅब’ बीअर महाड-बिरवाडीपर्यंत येणे इतके अवघड का?

महाड एमआयडीसीमुळे बिरवाडीत पुण्या-मुंबईहून आलेल्या नोकरदार तरुणांची वर्दळ नेहमीची. त्यांच्यातल्या क्राफ्ट बीअरच्या शौकिनांपुढे दोन वाटा असतात. वरंध घाट चढून शंभरेक किलोमीटरवरचे पुणे गाठायचे, नाहीतर गोव्याहून परतताना डिकीत कॅन टाकायचे. यातली दुसरी वाट महागात पडू शकते.

‘कोलॅब’ म्हणजे नेमके काय?

दोन ब्रुअरींनी मिळून बनवलेली, बहुधा एकदाच केलेली बीअर. अमेरिकेतील अॅव्हरी आणि रशियन रिव्हर या दोन्ही ब्रुअरींच्या एकेका बीअरचे नाव ‘साल्व्हेशन’ होते. नावावरून कोर्टात जाण्याऐवजी त्यांनी २००६ मध्ये दोन्ही बीअर एकत्र मिसळल्या आणि नाव दिले ‘कोलॅबरेशन नॉट लिटिगेशन’, म्हणजे खटला नको, भागीदारी करू.

महाराष्ट्रात ही चळवळ पुण्यातून सुरू झाली. २००९ मध्ये ‘डूलाली’ ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी तिथे उघडली. पुढे पुण्याच्याच ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने मीठ घातलेली कोकम एल आणली. चव घाटाखालची, बीअर घाटावरची.

ती दुर्मीळ का असते?

साधे गणित आहे. एक हजार लिटरची एक खेप म्हणजे अर्ध्या लिटरचे दोन हजार ग्लास. पुण्यातले दोन-चार बार ते सहज संपवतात. कोलॅबची दुसरी खेप बहुतेकदा निघतच नाही.

दुसरे कारण थंडावा. मोठ्या कंपन्यांच्या बाटलीबंद बीअरसारखी ही सहसा पाश्चराइज केलेली नसते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ४ अंशांऐवजी ३४ अंशांत ठेवलेली बीअर जवळपास आठपट वेगाने शिळी होते. हॉप्सचा सुगंध आधी जातो. शिवाय वीस लिटरचा केग फोडला की चाळीस ग्लास लवकर खपायला हवेत. एवढे गिऱ्हाईक नसलेला बारमालक तो मागवेल कशाला?

बेल्जियममधील सेंट सिक्स्टस मठाची वेस्टव्हलेटरन बीअर दुर्मीळ आहे ती वेगळ्या कारणाने. मठ चालवण्यापुरतेच उत्पन्न हवे म्हणून तिथले भिक्षू उत्पादन वाढवत नाहीत. पूर्वी फोनवर गाडीचा नंबर देऊन क्रेट नोंदवावे लागत, २०१९ पासून नोंदणी ऑनलाइन झाली. फेरविक्री करायची नाही ही अट कायम आहे.

मग गोव्याहून आणली तर?

गोव्यातही आता क्राफ्ट बीअर कॅनमध्ये मिळते आणि मुंबई-गोवा महामार्ग महाडमधूनच जातो. पण फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे. उत्पादन शुल्क विभागाची पथके या मार्गावर तपासणी करतात. दुर्मीळ बाटली ओळखीच्यांना चढ्या भावाने विकणे, हेही त्याच कायद्यात बसते. छंद आहे म्हणून सवलत नाही.

कायदेशीर मार्ग कोणता?

२०२० च्या टाळेबंदीत राज्याने मायक्रोब्रुअरींना ताजी बीअर ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून विकायची मुभा दिली. ग्राहकाचे वय २१ पूर्ण हवे. पण बर्फाची पेटी नसेल तर घाट उतरेपर्यंत ग्राउलर कोमट होणार.

पुण्यात बसूनच प्यायची, तर परतीला न प्यालेला चालक हवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी १५ हजार आणि दोन वर्षे. वरंधची वळणे दिवसाही अवघड आहेत, आणि पावसाळ्यात दरडींमुळे तो रस्ता अनेकदा बंदच असतो.