रात्रीपुरते गाव

ठाण्याच्या पुढे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्याची पद्धत नाही. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, कुठेही कुणाला विचारा, ‘ऑफिस किती लांब हो?’ उत्तर येईल, ‘सात अठराची मिळाली तर दीड तास.’ वेळ हेच इथे गाडीचे नाव आणि माणसाचीही ओळख. ‘ते आमच्या आठ दोनच्या ग्रुपमधले’ एवढे म्हटले की पुरे. ‘सुटणारी’ गाडी धरायची की मागून येणारी, बसायला मिळावे म्हणून आधी उलट्या दिशेला जाऊन ‘रिटर्न’ यायचे का, चौथ्या सीटवर टेकायचे की दारात उभे राहायचे, या शास्त्रात विशीतला मुलगा सहा महिन्यांत तरबेज होतो.

लोकलवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. डब्यातली भजने झाली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या माळा लावून केलेली पूजा झाली, बायकांच्या डब्यात निवडली जाणारी भाजी झाली. मात्र गाडीतून उतरल्यावर जे गाव लागते, त्याच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. सकाळी घाईने सोडलेले आणि रात्री दमून गाठलेले ते गाव आपले असते म्हणजे नेमके काय असते?

ही गावे वसली कशी, ते आधी पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. पण या रुळांच्या आधाराने खरी वस्ती वाढली ती स्वातंत्र्यानंतर. गिरगाव-दादरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत धाकट्याचे लग्न ठरले की थोरल्याचे बिऱ्हाड डोंबिवलीला हलायचे. बँकेतला, विमा कंपनीतला, सरकारी कचेरीतला माणूस कर्ज काढून ‘ओनरशिप’चा ब्लॉक घ्यायचा. १९६४ च्या सुमारास डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली, पण बहुतेकांची नोकरी फोर्टातच राहिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव विस्कटले. गिरण्यांच्या जागी यथावकाश काचेचे मनोरे उभे राहिले. तिथे काम करायला माणसे येत राहिली, मात्र आता ती अंबरनाथ, बदलापूर, वांगणीहून येऊ लागली. पूर्वी गिरणीचा भोंगा झाल्यावर चालत कामाला जाता येत असे. त्याच जागी त्याच घरातल्या नातवाला आता दीड तास उभ्याने जावे लागते.

घर स्वस्त मिळाले म्हणून आपण लांब आलो, असे आपण समजतो. थोडा हिशेब मांडून पाहू. घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत दीड तास, परतीचा तेवढाच. दिवसाचे तीन तास झाले. वर्षात कामाचे दिवस २८० धरले तर ८४० तास, म्हणजे अखंड ३५ दिवस आणि ३५ रात्री. तीस वर्षांच्या नोकरीत हेच १,०५० दिवस होतात. जवळजवळ तीन वर्षे! बँकेचा हप्ता वीस वर्षांनी फिटतो. हा दुसरा हप्ता निवृत्तीपर्यंत चालू राहतो आणि त्याची पावती कुणी देत नाही.

बाईच्या बाबतीत हा हिशेब आणखी कडक होतो. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष गाडी सुरू झाली, तेव्हा तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण गाडी बायकांची झाली म्हणून घरातला ओटा पुरुषांचा झाला नाही. पहाटे साडेचारला उठून डबे भरायचे, गाडी गाठायची, संध्याकाळी उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रातून दहा पोळ्या घ्यायच्या आणि ‘आज विकतच्या आणल्या’ म्हणून कुणी नाक मुरडले तर तेही ऐकून घ्यायचे. या केंद्रांनी उपनगरातले किती संसार सावरले, हे तिथल्या संध्याकाळच्या रांगाच सांगतील.

आता सकाळी अकरा वाजता या गावात एक चक्कर मारा. नाना-नानी पार्कातल्या बाकांवर ज्येष्ठ नागरिक बसलेले दिसतात. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडून परतणाऱ्या आजी दिसतात. सोसायटीचा रखवालदार, भाजीवाला, पार्सल घेऊन आलेला पोऱ्या दिसतो. चाळिशीचा धडधाकट माणूस मात्र औषधालाही सापडत नाही. तो या वेळी भायखळ्याला असतो, अंधेरीला असतो. ज्याच्या पगारावर गाव चालते तो गावात नाही आणि जे गावात आहेत, त्यांच्या गुडघ्यात बळ नाही.

माझ्या मते उपनगराचे खरे दुखणे इथे आहे. गर्दी दिसते, म्हणून तिच्याबद्दल ओरड होते. ही गैरहजेरी दिसत नाही. महापालिकेचे कार्यालय उघडते तेव्हा नागरिक घाटकोपर ओलांडत असतो आणि ते बंद होते तेव्हा तो परतीच्या फलाटावर इंडिकेटरकडे बघत उभा असतो. नळाला पाणी दोन दिवस आले नाही, तर तक्रार द्यायला कोण जाणार? रजा टाकून? ज्या रस्त्याने वर्षभर रिक्षातून हाडे खिळखिळी करून घेतली, त्या रस्त्याचे काम चालू असताना खडी किती पडली नि डांबर किती पडले हे बघायला गल्लीत कुणी नसते. वॉर्डात कोण निवडून आले, हे पुष्कळांना भिंतीवरच्या वाढदिवसाच्या फलकावरून कळते. आपण म्हणतो, गावाकडे कुणी लक्ष देत नाही. पण लक्ष देण्यासाठी आधी गावात असावे लागते.

हे आळसाने झालेले नाही. तीन तासांच्या धक्क्यांनंतर सोसायटीच्या सभेत पार्किंगवर वाद घालायचे त्राण कुणाला उरते? आणि ज्यांना ते उरले, त्यांनी काय उभे केले हेही पाहायला हवे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा डोंबिवलीने घालून दिली, ती पुढे राज्यभर गेली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सारा गाव नटूनथटून उतरतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. ही सारी कामे सुट्टीच्या दिवशी आणि रात्री नऊनंतर झालेल्या बैठकांतून उभी राहिली. तेवढ्या चोरलेल्या वेळात हे झाले, तर रोज एक तास हाताशी असता तर काय झाले असते?

या प्रश्नाचे थोडेफार उत्तर २०२० साली मिळाले, फार मोठी किंमत मोजून. मार्चच्या अखेरीस लोकल थांबल्या. जूनमध्ये त्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरत्या, आणि सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत प्रवेश मिळायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडले. त्या काळात दोन गोष्टी एकदम दिसल्या. ज्यांचे काम घरातल्या संगणकावर होत होते, त्यांनी स्वतःच्या खिडकीतून दुपारचे ऊन कुठे पडते ते प्रथमच पाहिले. शेजाऱ्यांची नावे कळली, कुणाकडे औषध पोहोचवायचे याच्या याद्या झाल्या. आणि ज्यांचे काम हातापायांचे होते, ते एसटीच्या रांगेत पहाटेपासून उभे राहून शिळफाट्याच्या कोंडीत तासन्‌तास अडकले. वेळ वाचवणे शक्य आहे हे त्या वर्षाने दाखवले आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, हेही दाखवले.

गाड्या वाढवा, ही मागणी रास्तच आहे. ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुरी झाली. या चौदा वर्षांत शाळेत घातलेले मूल कॉलेज संपवून स्वतःच त्या गर्दीत उभे राहिले. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन भरलेल्या गाड्यांच्या दारातून माणसे खाली पडली, काही प्राणांस मुकली. त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. पण दार मिटले तरी बाहेर राहिलेल्या माणसाला नऊ वाजता मस्टर गाठायचेच असते. २०२४ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यावर ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणत पाठ थोपटून घेण्याची सवय आता आपण सोडली पाहिजे. दुसऱ्या दिवशी तीच गाडी पकडणारा माणूस शूर असतो असे नाही. त्याची रजा शिल्लक नसते.

म्हणून माणसे हलवण्याबरोबर कामे हलवण्याचाही विचार व्हायला हवा. घर आणि नोकरी एकाच ठिकाणी असावी, हा विचार नवा नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईचा आराखडा आखला गेला, त्यामागे हाच विचार होता. कल्याणच्या पलीकडे मात्र आपण इमारतींना परवानग्या देत गेलो आणि कामाचे नाव काढले नाही. वेळा बदलाव्यात म्हणून मध्य रेल्वेने २०२३ साली मुंबईतल्या अनेक कार्यालयांना पत्रे लिहिली होती. साहेबांनी दहाऐवजी अकराला बोलावले, तर एका पैचाही खर्च न होता गर्दी थोडी पांगेल. आणि महापालिकेने आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत खिडकी उघडी ठेवली, रविवारी सकाळी वॉर्डाची सभा घेतली, तर या गावांना त्यांचे नागरिक परत मिळू लागतील.

उरला आपला वाटा. आज रविवार आहे. कुठे तरी मेगाब्लॉक असेल, कुठे जायचे नसेल. वामकुक्षी झाल्यावर खाली उतरून आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत एकदा सावकाश चालत जायला हरकत नाही. गटाराचे झाकण कुठे नाही, दिवा कोणता बंद आहे, बागेतला झोपाळा कधीपासून मोडला आहे, हे पाहून चार शेजाऱ्यांच्या सहीने एक अर्ज लिहायला तासभर लागतो. तीस वर्षांत ज्याने तीन वर्षे गाडीला दिली, त्याने आठवड्याचा एक तास गावाला द्यावा, ही मागणी फार नाही. हे गाव आपण केवळ झोपायला घेतलेले नाही, निदान घेताना तरी तसे ठरवले नव्हते. मुले इथेच वाढणार आहेत. त्यांना गाडीच्या वेळापत्रकाखेरीजही या गावाची काही ओळख असावी, एवढे पाहणे आपल्याच हातात आहे.