खुबा मोडला तर चोळू नका, दवाखाना गाठा

आवणीच्या दिवसांत हरसूल भागातल्या पाड्यांवर अंगण, पडवी, खाचराचा बांध सगळंच निसरडं होतं. घरातलं म्हातारं माणूस घसरून कुशीवर पडतं आणि मग उठवत नाही. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळतं. शेतकरी बंधूंनो, ही मुरगळ नव्हे, खुब्याचं हाड मोडल्याची खूण आहे. तरी आपल्याकडे आधी चोळणं, मग कामट्या बांधणं, यात आठ-पंधरा दिवस जातात.

मांडीचं हाड मानेशी मोडलं की वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. मूळ तुटलेलं रोप टेकू देऊन जगत नाही, तसंच हे. त्यात माणूस खाटेवर पडून राहिला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. बरेचदा जीव जातो तो यानेच. म्हणून तब्येत झेपत असेल तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, असं डॉक्टर सांगतात.

"सांधे आधीच आखडलेत, आता ऑपरेशन कशाला?" असं घरचे म्हणतात. सांधे आखडलेत म्हणून शस्त्रक्रिया टाळायची नसते, ती नीट ठरवायची असते. हाड मानेच्या खाली मोडलं तर सळई व स्क्रू घालून जोडतात. मानेशी मोडलं तर बहुधा गोळा बदलतात. संधिवाताने वाटीही झिजली असेल तर गोळा आणि वाटी दोन्ही बदलावी लागतात. गुडघा वाकत नसेल तर टेबलावर पाय ठेवण्यापासून अडचण येते. तेव्हा पडण्याआधी म्हातारा कसा चालत होता, मांडी घालत होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नंतर वॉकर धरून लवकर उभं करणं आणि कमोडची खुर्ची, एवढी तयारी घरी हवी. सांधा बदलला असेल तर उकिडवं बसणं बंद.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनीही हे आपलं काम समजावं. मोटारसायकलवर बसवून नेऊ नका, फळीवर आडवं न्या. १०८ ची गाडी मोफत आहे. हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जाता येतं. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, ते आरोग्यमित्राला विचारा. ही कागदं पावसाळ्याआधीच नीट करून घ्या. आवणीची वेळ आपण चुकवत नाही, मग घरच्या म्हाताऱ्याची का चुकवावी?