काळी पूड एकाच जातीची नसते

सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: ‘मजूर’. फार तर ‘फाउंड्रीत काम’. रुग्णाला खोकला असेल तर विडी ओढता का, हे विचारले जाते. भट्टीत काय टाकता, हे सहसा विचारले जात नाही. विचारलेच तर उत्तर मिळते, ‘कार्बन’. निदानासाठी हे उत्तर अपुरे आहे. धातूच्या कारखान्यांत कार्बन म्हणून वापरले जाणारे पदार्थ दिसायला सारखेच काळे असले, तरी शरीरावर त्यांचे परिणाम फार वेगळे असतात.

भंगार वितळवणाऱ्या विद्युत आर्क भट्टीतला ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड घ्या. भाजलेला पेट्रोलियम कोक आणि दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारी पिच एकत्र मळून त्याचा दंडगोल करतात. तो ८०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजतात आणि शेवटी ३००० अंशांच्या आसपास तापवतात. तेव्हा कार्बनचे अणू थराथरांत नीट बसतात आणि वीज सहज वाहू लागते. कृत्रिम ग्रॅफाइट करण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेतील एडवर्ड ॲचेसन यांना १८९६ मध्ये मिळाले.

ॲल्युमिनियम उद्योगात मात्र भाजलेला पण ग्रॅफाइट न झालेला कार्बन ॲनोड म्हणून चालतो, कारण तो भट्टीत जळूनच जायचा असतो. एक टन धातूमागे असा सुमारे ४०० किलो कार्बन संपतो. त्याहून स्वस्त पद्धत सोडरबर्गची. तिच्यात कच्ची पेस्ट थेट भट्टीवर ओततात आणि ती तिथल्याच उष्णतेवर भाजली जाते. वेगळी भट्टी वाचते, पण पिचचा धूर कामगारांच्या नाकातोंडात जातो.

आजाराचा खरा फरक इथेच पडतो. तयार ग्रॅफाइटमधून पिचचे वाफ होणारे घटक केव्हाच निघून गेलेले असतात. त्याचा धोका मुख्यतः धुळीचा. ही धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साचली तर दम लागू लागतो. खाणीतून काढलेल्या नैसर्गिक ग्रॅफाइटमध्ये सिलिकाही असू शकते, म्हणून मूस बनवताना किंवा साच्याला काळा लेप देताना अधिक जपावे लागते.

पिचची गोष्ट वेगळी आहे. रस्त्यावरचे डांबर आज बहुतेक खनिज तेलापासून येते. दगडी कोळशाच्या पिचमध्ये बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे त्याच्या कितीतरी पट असतात. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांमधील अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तो १७७५ मध्ये. पुढे कॅनडातील क्वेबेक प्रांतात सोडरबर्ग पद्धतीच्या कारखान्यांतील कामगारांमध्ये मूत्राशयाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दगडी कोळशाची पिच, कोकनिर्मिती, ॲल्युमिनियमनिर्मिती आणि लोखंडाचे ओतकाम यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यात सगळेच पदार्थ असतात असे नाही. इंडक्शन भट्टीत लोखंडातला कार्बन वाढवायला कुठे भाजलेला पेट्रोलियम कोक टाकतात, कुठे ग्रॅफाइटचा चुरा. ग्रॅफाइटमध्ये गंधक कमी असते आणि ते लवकर विरघळते. कोक स्वस्त पडतो. क्युपोला भट्टीत दगडी कोळशाचा कोक जळतो आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याने डोके दुखले, मळमळले, तर ‘पित्त झालं’ म्हणून गोळी घेतली जाते. शिवाय साच्याच्या वाळूतली सिलिका असतेच.

लहान फाउंड्रीचालक म्हणतात, नफा आधीच तुटपुंजा, महागडे ग्रॅफाइट कुठून परवडणार? पण सगळीकडे ग्रॅफाइटच वापरा, असा आग्रह इथे नाही. कोणता पदार्थ आहे, हे पोत्यावर आणि कामगाराच्या आरोग्यपत्रकावर मराठीत लिहायला फारसा खर्च येत नाही. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा यांऐवजी ओले करून झाडणे, कामानंतर अंघोळ, कपडे कारखान्यातच धुणे हेही आवाक्यातले आहे. तोंडाला रुमाल बांधून मात्र बारीक धूळ अडत नाही आणि वायू तर मुळीच नाही.

डॉक्टरांची जबाबदारीही कमी नाही. सिलिकोसिस, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, व्यवसायजन्य कर्करोग अशा आजारांची माहिती कारखाना निरीक्षकांना कळवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातले आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. पण ‘मजूर’ एवढेच लिहिलेल्या कागदावरून काय कळवणार? पिच हाताळणाऱ्याची कातडी उन्हात गेल्यावर भाजल्यासारखी होते का, अंगावर चामखिळी उठल्या का, लघवीतून न दुखता रक्त गेले का, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. लघवीतील हायड्रॉक्सिपायरीनच्या तपासणीवरून पिचमधील घटक शरीरात किती गेले, याचा अंदाजही घेता येतो.

मूत्राशयाचा कर्करोग अनेकदा वीस-तीस वर्षांनी उघड होतो. तोवर कामगार निवृत्त होऊन गावी गेलेला असतो, कारखानाही कदाचित बंद पडलेला असतो. मग आजाराचे खापर तंबाखूवर फुटते आणि भरपाईचा प्रश्नच निकाली निघतो. त्या वेळी कामगाराच्या हाती पुरावा उरतो तो जुन्या नोंदीचाच. त्या नोंदीत नुसते ‘कार्बन’ न लिहिता पिच, कोक की ग्रॅफाइट, हे आजच लिहिले गेले पाहिजे.