मुका रक्तदाता

पावसाची झड लागली की भाताच्या मळ्यांत, कुळागरांच्या पाटांकाठी आणि डोंगरउतारावरील बागायतींत राबणाऱ्या आमच्या माणसांच्या पायांखाली मृत्यू वावरू लागतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही त्याची चार परिचित रूपे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लक्ष माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज तज्ज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केला. यांतील बहुतेक माणसे खेड्यांतील आणि कष्टकरी होती. सर्पदंश झालेला शेतकरी वेळेवर इस्पितळात पोचला आणि त्याला औषध मिळाले, तर तो बहुधा वाचतो. घरची माणसे देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानतात. तिसऱ्या एका जीवाचे आभार मात्र कोणी मानीत नाही. त्या जीवाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

आपण ज्याला ‘सापाची लस’ म्हणतो ती वस्तुतः लस नव्हेच. ते घोड्याच्या रक्तातून काढलेले प्रतिविष होय. चारही सापांचे विष अल्प प्रमाणात, पुन्हा पुन्हा घोड्याला टोचले जाते. त्याच्या शरीरात त्या विषाशी झुंजणारी प्रतिपिंडे तयार होतात. मग त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातील प्लाझ्मा, म्हणजे पेशीविरहित पिवळसर द्रव, वेगळा करतात आणि तो शुद्ध करून कुप्यांत भरतात. फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात दाखविलेली ही वाट सव्वाशे वर्षांनंतरही मूलतः तीच आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव याच कार्यामुळे आपल्याकडे घरोघर पोचले. समुद्रमंथनातून हलाहल निघाले तसा उच्चैःश्रवा अश्वही निघाला, असे आपली पुराणे सांगतात. आज ते हलाहल पचविण्याचे काम आपण अश्वाच्याच माथी मारले आहे.

या कामाची त्या जनावराला कोणती किंमत द्यावी लागते? चारशे किलो वजनाच्या घोड्याच्या अंगात सुमारे तीस लिटर रक्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार एका वेळी दर किलो वजनामागे १३ ते १५ मिलिलिटर रक्त काढावे. म्हणजे पाच-सहा लिटर, एकूण रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा. आपल्यापैकी कोणी रक्तदान करतो तेव्हा ३५० मिलिलिटर देतो आणि पुरुषाला त्यानंतर तीन महिने थांबावे लागते. वजनाच्या हिशेबाने घोडा त्याच्या दुप्पट देतो, आणि त्याची पाळी चार-सहा आठवड्यांनी पुन्हा येते. शिवाय आपण स्वेच्छेने देतो. त्याला कोणी विचारीत नाही.

प्लाझ्मा वेगळा केल्यावर तांबड्या पेशी घोड्याच्या अंगात परत सोडल्या, तर हानी पुष्कळ कमी होते. तसे केले नाही, किंवा पुरेशी विश्रांती व सकस चारा दिला नाही, तर रक्तक्षय होतो, रक्तातील प्रथिने घटतात आणि जनावर खंगत जाते. विष व त्यासोबतची उद्दीपक द्रव्ये टोचल्याने अंगावर गाठी व गळवे होतात. खरा धोका तर वर्षांनंतर उघडा पडतो. सतत चाललेल्या या टोचणीमुळे काही घोड्यांच्या यकृतात व प्लीहेत अमायलॉइड नावाचे विकृत प्रथिन साचते. यकृत इतके ठिसूळ होते की कधी ते फुटून आतल्या आत रक्तस्राव होतो आणि घोडा कोसळतो. पशुवैद्यकाला हा विकार फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

येथे कोणी म्हणेल, माणसे मरत असता घोड्यांचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. उद्या हे औषध बंद करावे असे म्हणणारा मनुष्य आमच्या मते दयाळू नसून निष्ठुर होय, कारण त्याचा दंड खेड्यातल्या गरिबाला भरावा लागेल. परंतु घोड्याचे हित आणि रुग्णाचे हित परस्परविरोधी आहेत, हे गृहीतच चुकीचे आहे. १९०१ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे घटसर्पाचे औषध देणाऱ्या जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला होता. त्याचे दूषित रक्तद्रव्य मुलांना टोचले गेले आणि तेरा बालके दगावली. त्यानंतर १९०२ साली तेथे अशा औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. तबेल्यातील हलगर्जीपणा इस्पितळातील खाटेपर्यंत पोचतो, याहून निराळा धडा तो कोणता? अशक्त, रोगी घोडा चांगले प्रतिविष देईल अशी अपेक्षा करणे म्हणजे सुकलेल्या गाईकडे दुधाचा घडा मागणे होय.

आपल्याकडे प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे आणि प्रयोगांवर देखरेख करणारी समितीही त्यातूनच निर्माण झाली. तरीही २०१५-१६ च्या सुमारास देशातील अशा तबेल्यांच्या पाहणीत रक्तक्षयी, खुरांच्या रोगाने पीडित आणि कुपोषित जनावरे आढळल्याचे प्रसिद्ध झाले. कायदा कागदावर आणि घोडा चिखलात, अशी ही अवस्था आहे. यात बऱ्याचदा शर्यतीतून वा ओझ्याच्या कामातून बाद झालेली जनावरे असतात. एका धन्यासाठी धावून थकलेल्या जीवाची दुसऱ्या धन्याने अशी पिळवणूक करावी, हे आम्हांस लांच्छनास्पद वाटते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्य सरकारे हे औषध जनतेच्या पैशातून विकत घेतात. तेव्हा घोड्यांच्या प्रकृतीची, काढलेल्या रक्ताची व मृत्यूंची नोंद दरवर्षी जाहीर करणाऱ्याकडूनच ते घ्यावे. तांबड्या पेशी परत देण्याची पद्धत सक्तीची व्हावी. ठरावीक वर्षांनंतर घोड्याला निवृत्ती आणि कुरण मिळावे. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह नाग-मण्यारांच्या एका विषघटकगटावर प्रयोगशाळेत प्रतिपिंड तयार केल्याचे २०२४ साली जाहीर झाले. ते काम अजून रुग्णापर्यंत पोचलेले नाही. अशा संशोधनाला सरकारने सढळ हाताने द्रव्य पुरविले पाहिजे, कारण घोड्याची खरी सुटका तेथेच आहे.

तोवर आपल्याही हाती काही आहे. शेतात जाडजूड पादत्राणे, रात्री हातात विजेरी, जमिनीवर निजणाऱ्यास नीट खोचलेली मच्छरदाणी, आणि दंश झाल्यास मांत्रिकाऐवजी थेट इस्पितळ. टळलेला प्रत्येक दंश घोड्याच्या रक्ताचीही बचत करतो.

नागपंचमीला आपण नाग पूजतो. शिगम्यात घोडेमोडणी नाचवून अश्वाच्या शौर्याची आठवण जागवितो. ज्या घोड्याचे रक्त आपल्या माणसांच्या नसांत उतरले आहे, त्याला पूजा नको आहे. त्याला पोटभर चारा, कोरडा तबेला आणि विसाव्याचे काही दिवस हवे आहेत. तेवढे देणे हे आपले ऋण आहे.