नटून प्रवासाला निघणाऱ्या बायकांच्या वतीने

मला नटायची हौस आहे. प्रवासाला निघताना ती दुप्पट होते, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. महाबळेश्वरला चार दिवस जायचे असो की रात्रीच्या गाडीने माहेरी, इस्त्रीची साडी आणि तिला साजेसा ब्लाउज घातल्याखेरीज मी उंबरा ओलांडत नाही. याबद्दल आजवर मला इतका उपदेश मिळाला आहे, की दिवाळीच्या निमित्ताने त्याची परतफेड करणे अगत्याचे वाटते.

उपदेशकांचे म्हणणे असे, की प्रवास साधेपणाने करावा. आपल्या आज्या-पणज्या कुठे अशा नटूनथटून हिंडत होत्या?

आज्या-पणज्यांचे नाव निघालेच आहे, तर त्यांच्याकडेच जाऊ. आय. सी. एस. झालेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ च्या सुमारास कलकत्त्याहून मुंबईस आल्या. अंतःपुरात नेसावयाच्या एकेरी वस्त्रानिशी चारचौघांत वावरणे शक्य नव्हते. तेव्हा पारशी स्त्रियांची नेसण पाहून, तीत फेरफार करून, आत परकर व पोलके घालून त्यांनी साडीची नवी तऱ्हा बसवली. आज देशभर रूढ असलेल्या पाचवारी नेसणीच्या घडणीत या तऱ्हेचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्या साडीला आपण ‘परंपरा’ म्हणून हात जोडतो, तीही एका बाईने घर सोडले म्हणून घडत गेली!

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. तिकडच्या थंडीत नऊवारीखाली पोटऱ्या उघड्या राहात, म्हणून त्यांनी गुजराथी पद्धतीची नेसण पत्करली. साडी मात्र सोडली नाही. १८८५ सालच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या एका जपानी आणि एका सीरियन सहाध्यायिनीसह बसल्या आहेत. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात, नीटनेटक्या. डॉक्टरकी शिकावयास निघालेल्या या मुलींना पोशाखाचा विचार क्षुल्लक वाटला नव्हता.

मग आमच्याच वेळी तो क्षुल्लक का ठरतो? माझे उत्तर सरळ आहे. आक्षेप साडीवर नसतोच. तो बाईच्या बाहेर पडण्यावर असतो. पण तसे उघड म्हणणे आता शोभत नाही, म्हणून बोट साडीच्या काठाकडे दाखवायचे. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. च्या गाड्यांत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा ‘आता बायका रिकामटेकड्या हिंडणार’ असले टोमणे मी माझ्या कानांनी ऐकले. तिथे तर कुणाच्या कपड्यांचा प्रश्नच नव्हता! आणि गृहस्थ नवा गॉगल लावून, गुडघ्यापर्यंतची चड्डी चढवून बाजारपेठेत हिंडले, तर त्यांना कोणी साधेपणाचा उपदेश करीत नाही. ते सुट्टीवर आलेले असतात.

बाई सुट्टीवर येते का, हाच खरा प्रश्न आहे. कुटुंबाच्या हवापालटीची बॅग कोण भरते ते एकदा पाहा. मुलांचे स्वेटर, सासूबाईंची औषधे, चिवड्याचा डबा, दोरी, साबण, सुईदोरा, ह्यांच्या दाढीचे सामान. तिथे पोचल्यावर चहा कुणाला बिनसाखरेचा हे तिनेच लक्षात ठेवायचे. ह्यांची हवा पालटते. हिची फक्त जागा पालटते. एवढ्या सामानात तिची स्वतःची म्हणावी अशी वस्तू कोणती? तळाशी घडी करून ठेवलेली ती एक चांगली साडी. संध्याकाळी ती नेसून बाई सूर्यास्त पाहायला निघाली, की लगेच कुणीतरी म्हणते, ‘इथे कोण बघणार आहे तुम्हांला?’ अहो, कुणी बघावे म्हणून ती नेसलेली नाही. तिला स्वतःला बघायचे आहे, सूर्यास्तही आणि आपणही!

फोटोसाठी दिवसातून तीनदा कपडे बदलणाऱ्यांची वकिली मी करीत नाही. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे. तिथल्या लाल मातीत उंच टाचांचे सँडल घालून जाणारी बाई नटलेली नसते, फसलेली असते. जागा ओळखून नटणे हेच खरे नटणे. ते आमच्या जुन्या बायकांना साधले होते. नऊवारीच्या कासोट्याने शेतात वाकता येई, घोड्यावर मांड टाकता येई, आणि कनवटीला पैसे खोचता येत. आजचा शिंपी मात्र पंजाबी ड्रेस शिवताना विचारतो, ‘बाईंना खिसा कशाला?’ कशाला म्हणजे? तिकिटाला, पैशाला आणि घराच्या किल्लीला! फॅशनवाल्यांशी भांडायचेच असेल तर या खिशासाठी भांडा. मी तुमच्या पुढे उभी राहीन.

वाचकहो, या दिवाळीत घरोघर साड्यांची खरेदी झाली असेलच. त्या दुसऱ्यांच्या लग्नासाठी कपाटात कोंडू नका. घरातल्या बाईच्या हाती साडीबरोबर प्रवासखर्चाचे पैसेही द्या. कुठे जायचे, कुणाबरोबर जायचे आणि काय नेसायचे, हे तिचे तिला ठरवू द्या. चार दिवस घरच्या चहात साखर कमीजास्त पडली, तर तेवढे सोसा.