पडलेल्या खेळाडूचे बिल

10 जानेवारी 2012 रोजी अमेरिकेतील युटा राज्यात सराव करताना कॅनडाची स्कीपटू सारा बर्क कोसळली आणि 19 जानेवारीला, अवघ्या 29 व्या वर्षी गेली. तिच्या देशात रुग्णालयाचा खर्च सार्वजनिक विम्यातून भागतो. परंतु ती पडली सीमेपलीकडे. सराव प्रायोजक कंपनीचा होता, सबब क्रीडासंघटनेचा विमाही लागू नव्हता. अखेर लोकांनी वर्गणी काढली. ज्या क्रीडाप्रकाराला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे म्हणून ती झगडली, तो 2014 साली सोची येथे खेळला गेला.

करमाळ्याच्या वाचकाला हे दूरचे वाटेल. मग आपल्या यात्रेच्या फडात मान मोडून पडणारा मल्ल कोणाचा? जिंकला तर साऱ्या तालुक्याचा. पडला की फक्त आईबापांचा! 1948 च्या कायद्याने आलेला कर्मचारी राज्य विमा पगारी कामगारांसाठी. शेतमजुराचा पोर त्यात बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि ती आहे हे चांगलेच; पण ठरावीक उपचार आणि यादीतली रुग्णालये एवढीच तिची धाव. पुढचे अंथरुणातले महिने, बुडालेली मजुरी घराने सोसायची. म्हैस विकली जाते, नाहीतर वर्गणीची वही फिरते.

कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात : इनामाची रक्कम जाहीर करण्याआधी यात्रा समितीने मल्लांचा विमा उतरवावा, फडाशेजारी रुग्णवाहिका उभी करावी, आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हाडांचा डॉक्टर कायम असावा. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा.